इस्रायल आळी, मुक्काम अलिबाग

अलिबागला तुम्ही किती वेळा गेला असाल? आपल्या देवनार-गोवंडी-चेंबूरकडच्या लोकांचं तर ते हक्काचं ठिकाण. शनिवारी पहाटे गाडी काढायची, वाशीचा पूल ओलांडायचा, पनवेल, पेण, वडखळ आणि मग समोर समुद्र. किल्ला, घोडागाडी, ताजे मासे, येताना पांढरा कांदा आणि वाल. पण याच शहरात एक गल्ली आहे, तिला इस्रायल आळी म्हणतात, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. माहीत असलं तरी नाव ऐकून वाटतं, काहीतरी अलीकडचं असेल, परदेशी लोकांनी येऊन वसवलेलं.

तसं नाहीये. इस्रायल नावाचा देश १९४८ साली झाला. अलिबागच्या इस्रायल आळीतलं 'मागेन अबोथ' हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८४८ सालचं. देशापेक्षा शंभर वर्षांनी मोठं. १९१० मध्ये ते नव्याने बांधलं, तीच वास्तू आज उभी आहे. आणि ज्या लोकांनी ते बांधलं ते त्या आधी कित्येक पिढ्या याच किनाऱ्यावर राहत होते, मराठी बोलत होते आणि तेलाचे घाणे चालवत होते.

सध्या मुंबईत मराठी कोण, इथला कोण, बाहेरचा कोण यावर रोज वाद पेटतात. त्या वादात भर घालायला म्हणून नाही, पण या आळीचा इतिहास त्या निमित्ताने एकदा नीट सांगावासा वाटतोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी लोकांबद्दल. यांना बेने इस्रायल म्हणतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं. नवगाव म्हणजे अलिबागच्या उत्तरेला, किहीम-थळच्या बाजूचं किनाऱ्यावरचं गाव. गलबतातली सात पुरुष आणि सात बायका एवढीच माणसं वाचली. बाकीच्यांची प्रेतं लाटांबरोबर किनाऱ्याला लागली, ती वाचलेल्यांनी तिथेच पुरली. नवगावला ती जागा आजही आहे, तिथे स्मारकाचा स्तंभ उभा केलाय.

हे कधी घडलं? समाजातली एक परंपरा इसवी सनाच्या आधीचं दुसरं शतक सांगते, काही अभ्यासक सहावं-सातवं शतक म्हणतात. सात आणि सात हा आकडा गोष्टीतला वाटतो हेही खरं. असंच फुटलेलं गलबत आणि किनाऱ्याला लागलेली प्रेतं आपल्या चित्पावनांच्या मूळकथेतसुद्धा येतात. कोकणच्या समुद्राने अनेकांना आजोबा दिलेत! पण कथा बाजूला ठेवली तरी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की बेने इस्रायलांच्या रक्तात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा वारसा आहे आणि इथल्या लोकांचाही भरपूर आहे. म्हणजे पूर्वज बाहेरून आले, इथे मिसळले, इथलेच झाले. तुमच्या-माझ्या घराण्याचा इतिहास खोदला तर याहून वेगळं काय निघेल?

कोकणात ते पांगले ते गावोगावी. आणि ज्या गावात राहिले त्याचं नाव लावलं. किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, दिवे गावचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराड, राजपुरीचे राजपूरकर, रोह्याचे रोहेकर, वाक्रूळचे वाक्रूळकर. अशी शंभरावर आडनावं आहेत. रायगड जिल्ह्याचा नकाशा हरवला तर या समाजाच्या लग्नपत्रिका जोडून तो परत काढता येईल. नावं मात्र सॅम्युएल, मोझेस, रेबेका. आणि जुन्या काळी तीही मराठी वळणाची: सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी.

त्यांचा धंदा तेलाचा. तीळ, खोबरं घाण्याला लावायचं, बैल जुंपायचा, तेल काढून गावात विकायचं. पण शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा बंद, तो शनिवारी रात्र पडल्यावरच सुरू. ज्यू धर्मात शनिवार, म्हणजे शब्बाथ, हा विश्रांतीचा दिवस. शेजाऱ्यांना शब्बाथ कुठून माहीत असणार? पण शनिवारी हे लोक काम करत नाहीत एवढं दिसत होतं. म्हणून नाव पडलं शनवार तेली. हिंदू तेल्यांमध्ये सोमवारी, शंकराच्या वारी, घाणा बंद ठेवणारे होते, ते सोमवार तेली. गावाच्या हिशोबात विषय संपला. कुणी सोमवारी सुट्टी घेतो, कुणी शनिवारी.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. युरोपात त्याच काळात ज्यूंसाठी काय होतं ते बघा. व्हेनिसमध्ये १५१६ साली ज्यूंना एका वेगळ्या बेटावर राहायची सक्ती झाली, रात्री फाटकं बंद, बाहेर पहारेकरी. 'घेटो' हा शब्दच तिथून आला. अलिबागच्या आळीला ना फाटक होतं ना पहारा. कोकणातल्या कुठल्याही गावात जशी ब्राह्मण आळी असते, कोळीवाडा असतो, तशी इस्रायल आळी.

पण लगेच छाती फुगवू नका. 'बघा आम्ही किती सहिष्णू' असं म्हणणं सोपं आहे, आणि ते निम्मंच खरं आहे. आळी म्हणजे तरी काय? जातीप्रमाणे वाटून दिलेली जागा. बेने इस्रायलांना आपण छळलं नाही, हे खरं. पण आपण त्यांना आपल्या जातींच्या उतरंडीत एका पायरीवर बसवलं, तेल्यांच्या पायरीवर, आणि मग ते आपल्याला परके वाटले नाहीत. ती उतरंड त्यांनीही उचलली. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे भेद होते. बाहेरच्या बाईशी झालेल्या संबंधातून जन्मलेल्यांचा वंश तो काळा, असं मानत आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार टाळत. विधवेचं लग्न लावायचं नाही, गोमांस खायचं नाही, हेही त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतलं. ज्यू धर्मात या दोन्हींना बंदी नाही. आपली जात इतकी चिवट की समुद्रातून वाचून आलेल्यांनाही ती लागली.

मग त्यांचं स्वतःचं काय उरलं होतं? हिब्रू विसरली होती. पोथ्या समुद्रात गेल्या होत्या. पण सुंता होती, शब्बाथ होता, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना पाठ होती. देव एक आहे असं सांगणारी. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तीच एक म्हणायची. बाकीचा धर्म विसरला तरी या एका ओळीवर समाज शतकानुशतकं टिकला.

आणि सण होते, मराठी नावांनी. ही नावं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा परत परत वाचली. नवीन वर्षाचा तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा उपास, ज्याला ज्यू योम किप्पूर म्हणतात, तो यांचा दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं बंद करून पांढऱ्या कपड्यात घरातच राहायचं, कुणाला शिवायचं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम हा सण होळीच्या सुमाराला येतो म्हणून तो होळीचा सण. खमिराशिवाय भाकरी खायचा पेसाहचा सण तो अनाशी ढाकायचा सण, म्हणजे आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचा. आणि जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा उपास? बिरड्याचा रोजा! जगभरातले ज्यू ज्या मंदिरासाठी रडतात त्याच मंदिरासाठी रेवदंडा-अलिबागच्या बायका सोललेल्या वालाचं बिरडं करून उपास सोडत होत्या. 'रोजा' हा शब्द शेजारच्या मुसलमानांकडून, 'बिरडं' कोकणातून, दुःख जेरुसलेमचं. एका नावात तीन गोष्टी, आणि कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

तसाच मलिदा. पोहे भिजवायचे, त्यात खोबरं, साखर, सुकामेवा घालायचा, ताटात फळं मांडायची आणि एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने प्रार्थना करून वाटायचा. लग्नाआधी, नवस फेडताना, घरात काही चांगलं झालं की मलिदा. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात हा विधी नाही. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याच्या भागात एक खडक आहे. एलियाहू हन्नबी तिथे उतरला आणि त्याच्या रथाची खूण खडकावर राहिली, अशी श्रद्धा. परदेशात गेलेली कुटुंबंसुद्धा नवस फेडायला तिथे येतात.

मग त्यांना आपण ज्यू आहोत हे कळलं कसं? याचीही एक गोष्ट आहे. डेव्हिड राहबी नावाचा एक ज्यू इथे आला. कुणी म्हणतं तो खूप जुन्या काळातला, कुणी म्हणतं अठराव्या शतकातला कोचीनचा. शनिवार पाळणारे हे लोक बघून त्याला संशय आला. त्याने बायकांना मासे दिले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला केले, आम्ही हे खात नाही म्हणून. ज्यू धर्मात नेमका हाच नियम आहे. त्यावरून त्याने ओळखलं. मग त्याने तीन तरुण निवडून त्यांना धर्म शिकवला, त्यांना काझी म्हणत. धर्माचा पुरावा पोथीत नाही, बाईच्या विळीवर सापडला, ही गोष्ट मला फार आवडते. आजही कट्टर घरात पापलेट, रावस चालतो. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या नाही. अलिबागला राहून कोळंबी सोडायची, ही श्रद्धा साधी समजू नका.

अलिबाग शहर वाढलं ते आंग्र्यांच्या काळात. त्यांच्या आरमारातही बेने इस्रायल नाईक होते असं समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी नोंदवलंय. शहराच्या नावाचीही मौज आहे. एली नावाचा श्रीमंत बेने इस्रायल होता, त्याच्या आंब्या-नारळाच्या बागा होत्या, म्हणून एलीची बाग, अलिबाग, असं समाजात सांगतात. अली नावाच्या श्रीमंत मुसलमानाने इथे विहिरी खोदल्या आणि बागा लावल्या, असंही सांगतात. दोघांपैकी कुणाचीही असो, बाग होती हे नक्की. आणि तिच्या नावावरून कुणी भांडत नाही, हेही नक्की. निदान अजून तरी.

मुंबईकडे हे लोक सरकले अठराव्या शतकात. पहिलं कुटुंब दिवेकरांचं, १७४६ साली आलं असं मानतात. कंपनी सरकारच्या पलटणीत बेने इस्रायल मोठ्या संख्येने भरती झाले. त्यातलेच एक सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैद्यांना मारायची वेळ आली तेव्हा टिपूच्या आईने विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, बनी इस्रायल. हे नाव कुराणात आहे, आपण ते ऐकलंय, पण माणसं पहिल्यांदाच बघतोय, असं म्हणून तिने त्यांना सोडवलं. अशी आख्यायिका. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन असा त्यांनी नवस केला होता. १७९६ मध्ये मांडवीत त्यांनी 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचं द्वार, हे सिनेगॉग बांधलं. मुंबईतलं पहिलं. रस्त्याला नाव पडलं सॅम्युएल स्ट्रीट. लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, स्वतः बेने इस्रायलसुद्धा. आपण हार्बर लाइनने सीएसएमटीला जाताना शेवटून दुसरं जे स्टेशन लागतं, मशीद, त्याचं नाव या ज्यू मशिदीवरून आलं असं सांगितलं जातं. गोवंडीहून रोज त्या गाडीने जाणारे आपण किती जण!

एकोणिसाव्या शतकात या समाजाला पुस्तकं मिळाली, आणि तीही मराठीतून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, मुख्यतः यांच्यासाठी. मिशनऱ्यांचा हेतू ख्रिस्ती करण्याचा होता. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं आणि त्याच्या आधारे ते अधिक पक्के ज्यू झाले! १८७४ मध्ये पुण्यात पेसाहच्या पोथीची, हग्गादाची, मराठी भाषांतरासह आवृत्ती निघाली. त्यातल्या चित्रात भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास कीर्तनं सुरू झाली. हो, कीर्तनं. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळं आपल्यासारखं, आख्यान मात्र योसेफाचं किंवा मोशेचं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. त्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला. लेखक गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

या छोट्या समाजाने महाराष्ट्राला काय दिलं याची यादी लांबलचक आहे, मी चारच नावं घेतो. डॉ. जेरुशा झिराड, १८९० चा जन्म, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री. अलिबाग तालुक्यातलं झिराड हे गाव त्यांच्या आडनावात आहे. डॉ. ई. मोझेस, १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर. महालक्ष्मीहून वरळीला जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा. त्यांचं पूर्ण नाव एलिजा मोझेस राजपूरकर. 'बूट पॉलिश' सिनेमातले जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आणि इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सिम इझिकेल, मुंबईचेच.

आता गावाकडे परत येऊ. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा, थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच झालं. गिरणीचं तेल आलं, रॉकेल आलं, घाण्याला गिऱ्हाईक उरलं नाही. मुलं शिकली, मुंबईत रेल्वेत, पोस्टात, कारखान्यात, दवाखान्यात लागली. मांडवी, उमरखाडी, भायखळा, आग्रीपाडा, ठाणे, आणि आपल्या शेजारचं कुर्ला. कुर्ल्यालाही त्यांचं प्रार्थनागृह झालं. मग १९४८ नंतर इस्रायल. १९५१ च्या जनगणनेत देशात साडेसव्वीस हजारांच्या आसपास ज्यू होते, त्यात सगळ्यात जास्त बेने इस्रायल. २०११ मध्ये सगळे मिळून पाच हजारांच्या आत.

का गेले? इथे छळ नव्हता, हे ते स्वतः सांगतात. धर्माची ओढ होती, नोकरी-घराची आशा होती, आधी गेलेल्या भावाचं पत्र होतं. आणि इंग्रज गेल्यावर ज्या नोकऱ्यांवर समाज उभा होता त्यांची खात्रीही राहिली नव्हती. पण तिकडे गेल्यावर जे झालं ते वाचून माझ्या पोटात कालवलं. सुरुवातीला काहींना वंशभेदाची वागणूक मिळाली, त्यांनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले, आणि काही जण १९५२ मध्ये खरंच परत आले. मग तिथल्या धर्मपीठाने लग्नांच्या बाबतीत शंका काढली. तुमच्या पिढ्यांचा पुरावा द्या, मागे कुणी बाहेरची बाई केली नव्हती ना ते दाखवा. ज्यांनी एक प्रार्थना उराशी धरून शतकं काढली त्यांना विचारलं गेलं, तुम्ही नक्की ज्यू का? लोकांनी मोर्चे काढले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्रायल सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत, त्यांच्यात भेद करता येणार नाही.

गंमत बघा. इथे गोऱ्या इस्रायलांनी काळ्या इस्रायलांना जो प्रश्न विचारला होता, तोच तिथे सगळ्यांना एकगठ्ठा विचारला गेला. 'तुमचा पुरावा काय?' हा प्रश्न असाच असतो. आज आपण दुसऱ्याला विचारतो, उद्या आपल्याला कुणीतरी विचारतो.

देवनारच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपल्या परिसराचं नाव घेतलं की लोक नाक मुरडतात. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येतोय, सत्तरच्या दशकापासून कत्तलखाना इथे आहे. त्यावरून इथल्या माणसाची किंमत ठरते. शनवार तेल्यांची ओळख धंद्यावरून ठरली, तशी आपली दुसऱ्यांच्या कचऱ्यावरून. देवनार गावठाण या सगळ्याच्या आधीचं आहे, पण बिल्डरच्या जाहिरातीत देवनारचं 'चेंबूर' होतं. पत्ता सांगताना आपणही तेच करतो. आणि उत्तर प्रदेशातून, मराठवाड्यातून, शहरातल्या तोडलेल्या झोपड्यांतून इथे आलेल्यांना दर काही वर्षांनी कागद मागितले जातात. अलिबागच्या गावकऱ्यांनी त्या वाचलेल्या चौदा जणांकडे कागद मागितला असता तर त्यांनी काय दाखवलं असतं? पोथीसुद्धा बुडाली होती.

म्हणून मला वाटतं, मराठी कोण या प्रश्नाचं उत्तर या आळीत आहे. इस्रायलमध्ये रामला, लोद, अश्दोद, दिमोना, बेअरशेवा इथे बेने इस्रायल वस्त्या आहेत. तिथल्या आज्या नातवंडांशी मराठी बोलल्या. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. त्यांना कुणी सक्ती केली नव्हती, दुकानावर पाटी लावायचा कायदा नव्हता. उलट भाषा टाकून दिली असती तर तिकडे सामावणं सोपं गेलं असतं. तरी ठेवली. मी मराठी पाट्यांच्या बाजूचाच आहे, गैरसमज नको. पण पाटीने भाषा दिसते. जगते ती बिरड्याचा रोजा म्हणणाऱ्यामुळे.

आज इस्रायल आळीत बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलीत. दाराच्या चौकटीवर तिरकी लावलेली छोटी नळी दिसली, आत शेमा लिहिलेलं चर्मपत्र असतं, ती मेझूझा, की समजायचं घर त्यांचं आहे. मी गेलो तेव्हा सिनेगॉग स्वच्छ होतं, दिवे लावलेले, बाकं पुसलेली. राखणाऱ्यांनी प्रेमाने राखलंय. अडचण वेगळी आहे. ज्यू धर्मात पूर्ण सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. दहा जमले नाहीत तर तोराची गुंडाळी उघडून वाचता येत नाही. इमारत आहे, पोथी आहे, दिवा आहे, आणि दहावा माणूस मुंबई-ठाण्याहून यायची वाट बघायची. पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये तर २६ जुलै २००५ च्या पुराचं पाणी शिरलं आणि पोथ्या भिजल्या. तो दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. आपल्या घरात पाणी होतं त्याच रात्री तिथेही होतं.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं झालं, उशिरा का होईना. पण सरकारी दर्जाने आळी राहत नाही. आळी राहते ती शेजाऱ्यांना आठवण असेपर्यंत. उद्या जुनी घरं पाडून टॉवर झाले आणि त्यांना कुठल्याशा सी-व्ह्यूचं नाव लागलं, तर 'इस्रायल आळी' हा शब्द फक्त पोस्टमनला माहीत राहील, तोही रिटायर होईपर्यंत.

आपण काय करू शकतो? मोठं काही नाही. पुढच्या वेळी अलिबागला जाल तेव्हा वाटेत तीन ठिकाणं लक्षात ठेवा. पनवेलचं बेथ एल, १८४९ सालचं. पेणचं सिनेगॉग. आणि इस्रायल आळीतलं मागेन अबोथ. आत जायचं तर आधी विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा, डोकं झाका, शनिवारी जाऊन फोटो काढत बसू नका, तो त्यांचा प्रार्थनेचा दिवस. नवगावच्या कबरस्तानात गेलात तर दोन मिनिटं गप्प उभे राहा. आणि पोरांना मशीद स्टेशनची गोष्ट सांगा, लोकलमध्येच सांगा.

दुसरं, आपल्याकडच्या जुन्या लोकांकडे आठवणी आहेत. कुर्ल्याच्या, भायखळ्याच्या चाळीत, गिरणीत, दवाखान्यात ज्यांचे सहकारी किंवा शेजारी बेने इस्रायल होते अशी माणसं आता सत्तर-ऐंशीची आहेत. कुणाच्या आजीला मलिद्याचं ताट आलेलं आठवत असेल, कुणाच्या वडिलांना शुक्रवारी संध्याकाळी लवकर घरी जाणारा मित्र. विचारून लिहून ठेवा. केहिमकरांनी लिहिलं नसतं तर आज आपल्याला यातलं निम्मंही कळलं नसतं.

आणि तिसरं, पुढच्या वेळी कुणी तावातावाने विचारलं की 'हे लोक इथले कसे?', तर त्याला आडनावांची ती यादी वाचून दाखवा. केहिमकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर. आणि मग विचारा, बाबा, तुझं गाव कुठलं?